विचारा की! : दोघं, एक दिवस आणि विलायतेतली जुनी खेडी

गेल्या अंकात मी आमच्या कॉट्सवोल्ड्सच्या फेरीवर चार ओळी लिहिल्या, त्या पण पान भरायला म्हणून, आणि त्यावर एवढे मेसेज आले की यावेळी सासूसुनेचे, पोराच्या करिअरचे वगैरे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, लंडनच्या पश्चिमेला साधारण दोन हजार चौरस किलोमीटरचा डोंगराळ माळ आहे, १९६६ पासून सरकारी संरक्षणात, पिवळसर दगडाची शेकडो वर्षं जुनी गावं, मेंढ्या, ओढे. आम्ही दोघं गेल्या वर्षी जूनमध्ये लेकीकडं गेलो होतो तेव्हा एक दिवस तिकडं जाऊन आलो, पुढच्या आठवड्यात अजून एक दिवस काढला. नावं कुणाचीच छापत नाही, गाव-पेठ तेवढी देते.

ताई, मुलगा रीडिंगला आयटीत आहे. जूनमध्ये आम्ही दोघं महिनाभर जातोय. त्याला सुट्टी नाही म्हणून तो म्हणतोय एक दिवस तुम्ही दोघंच जाऊन या, आणि त्यानं लिस्ट पण दिलीय : बिबरी, बोर्टन, स्टो, ब्रॉडवे, चिपिंग कॅम्डन, कासल कूम, लेकॉक, दोन्ही स्लॉटर आणि वेळ उरला तर बाथ. मिसेसचा गुडघा जरा दुखतो. सगळं होईल का? – रिटायर्ड शिक्षक, राजारामपुरी

काका, नाही होणार. ही लिस्ट म्हणजे एका दिवसात जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, आदमापूर आणि वेळ उरला तर गोवा. ब्रॉडवे-कॅम्डन उत्तरेच्या टोकाला, लेकॉक आणि कासल कूम पार दक्षिणेला विल्टशरमध्ये, मधले रस्ते एका गाडीच्या रुंदीचे. दिवसभर गाडीत बसून नऊ गावांच्या नऊ पार्किंगचे फोटो तेवढे मिळतील.

आमच्या लेकीनं पण अशीच लिस्ट केली होती, आम्ही त्यातली सहा गावं खोडली आणि बोर्टन आणि दोन्ही स्लॉटर अशी तीन ठेवली, आणि ती तीन पण अशी निवडली की एकातून दुसऱ्यात चालत जाता येईल. मला विचाराल तर ह्या भागात जायचं ते दोन गावांच्या मधली वाट चालायलाच, गावं काय पोस्टकार्डावर पण दिसतात.

आम्ही लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून मोर्टन-इन-मार्शची गाडी पकडली, दीड तासाच्या आसपास लागतो. काका, ती गाडी तुमच्या रीडिंगवरूनच जाते, तुम्हाला लंडनला जायचं कारणच नाही. मंगळवारी गेलात तर मोर्टनला आठवडी बाजार असतो, आपल्या लक्ष्मीपुरीच्या बाजाराची सर नाही, पण चीज, रोपं, जुनी भांडी, कुत्र्यांचे पट्टे असलं सगळं मिळतं आणि आमच्या ह्यांनी तिथंच अर्धा तास घालवला. मग बस. इथं एक गोंधळ झाला तो सांगते म्हणजे तुमचा होणार नाही. ह्यांनी फोनमध्ये नुसतं बोर्टन टाकलं आणि फोन आम्हाला उलट्या दिशेला न्यायला निघाला, कारण बोर्टन दोन आहेत, एक बोर्टन-ऑन-द-हिल आणि एक बोर्टन-ऑन-द-वॉटर. म्हणजे आपल्याकडं नुसतं वडगाव म्हटलं की पेठ वडगाव का वडगाव मावळ विचारावं लागतं ना, तसंच. आपल्याला पाण्यावरचं पाहिजे. त्याची बस स्टोवरून जाते. स्टो-ऑन-द-वोल्ड उंचावर आहे, चौक मोठा, आणि चौकात येणाऱ्या काही बोळकांड्या इतक्या अरुंद की दोन माणसं शेजारून जाणार नाहीत, बाजारात आणलेल्या मेंढ्या एकामागं एक याव्यात आणि मोजता याव्यात म्हणून तशा ठेवलेल्या असं सांगतात. बसमधून तेवढं दिसत नाही, उतरायला लागतं. आम्ही उतरलो नाही.

बोर्टनला विंडरश नदी गावाच्या मधून जाते, नदी कसली, घोट्याभर-गुडघाभर पाणी, त्यावर बुटके दगडी पूल. गर्दी म्हणाल तर रविवारचा रंकाळा. पण एक गोष्ट बघाच, तिथं एका पबच्या मागच्या बागेत अख्ख्या गावाचं नववा भाग आकाराचं मॉडेल आहे, १९३७ ला उघडलेलं, खऱ्या दगडात बांधलेलं, नदी, पूल, चर्च सगळं. आता गावात जे जे आहे ते मॉडेलमध्ये पाहिजे, मग गावात मॉडेल पण आहेच की, म्हणून मॉडेलमध्ये मॉडेल, आणि त्यात परत त्याच्याहून बारकं मॉडेल. आमचे हे एकसष्टाव्या वर्षी उकिडवे बसून ते शोधत होते आणि मागं एक जपानी बाई त्यांची उठायची वाट बघत उभी.

तिथून लोअर स्लॉटर अडीच किलोमीटरच्या आत आहे, वाट सपाट. पाटीवर पब्लिक फूटपाथ लिहिलेलं असतं आणि पिवळा बाण. ही वाट लोकांच्या शेतातून जाते, आणि कुणी अडवत नाही, कायद्यानंच हक्क आहे, शेत त्याचं पण वाट सगळ्यांची. सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये अशा वाटा मिळून दोन लाख किलोमीटरच्या वर भरतात. बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे बघून चक्कर येते. नियम साधे, फाटक उघडलं की मागं लावायचं, पिकात शिरायचं नाही, वासरं असलेल्या गाईंच्या मधून जायचं नाही. हे कागलचे, शेतकऱ्याच्या घरातले, त्यांनी गाईंना लांबूनच ‘हैऽक हैऽक’ केलं, गाईंनी मान वर करून बघितलं आणि परत चरायला लागल्या.

वाटेत एक झुलतं फाटक लागतं, अर्धगोल कुंपणात अडकवलेलं, एका वेळी एकच माणूस जाईल आणि जनावर जाणार नाही असं. त्याला म्हणतात किसिंग गेट. पुढच्यानं फाटक अडवून धरायचं आणि मागच्यानं पापा दिल्याशिवाय सोडायचं नाही अशी तिकडची गंमत. लग्नाला ३४ वर्षं झालीत आमच्या. मी फाटक धरून उभी राहिले, ह्यांनी मागं बघितलं, पुढं बघितलं, आणि म्हणाले चल, बस चुकेल. (बस पुढं चुकलीच, ते शेवटी सांगते.)

स्लॉटर नावाला घाबरू नका, कत्तलीशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत चिखलाच्या जागेला असलाच शब्द होता त्यावरून पडलं. लोअर स्लॉटरमध्ये ओढ्याच्या काठानं घरं, टोकाला पाणचक्की आणि तिचं विटांचं धुराडं, सगळ्या पिवळ्या दगडात तेवढंच लाल. वहिनींचा गुडघा इथपर्यंत नक्की काढेल. पुढं अप्पर स्लॉटर दीडेक किलोमीटर, थोडा चढ आहे. जमलं तर जा, कारण दोन गोष्टी तिथं आहेत. एक म्हणजे चौकातली घरं १९०६ मध्ये लटयेन्सनं नव्यानं उभी केली, तोच लटयेन्स, नवी दिल्लीचा. दिल्लीत एवढं अवाढव्य बांधणारा माणूस इथं बुटक्या दारांची, गावात मिसळून जाणारी घरं बांधून गेला, कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि दुसरी, इंग्लंडमधल्या बहुतेक गावात चौकात नाहीतर चर्चजवळ एक दगडी क्रॉस असतो, त्यावर महायुद्धात मेलेल्या पोरांची नावं. अप्पर स्लॉटरमध्ये तो नाही. दोन्ही महायुद्धांत गावातून गेलेली सगळी माणसं जिवंत परत आली. अशी गावं देशात हाताच्या बोटांवर, फार तर पायाची पण घ्या. मला तिथं शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी आठवलं, घराघरात फौजी आणि गावात हुतात्म्यांचं स्मारक. मी ह्यांना तसं म्हटलं. ह्यांचे आजोबा पण फौजेत होते. हे काही बोलले नाहीत, ओढ्याच्या काठावर बसून भडंगाची पुडी सोडली.

गाडी भाड्यानं घ्यावी का ट्रेननं जावं? – शाहूपुरी

चालवायची सवय असेल तर आपलं लायसन्स तिकडं पहिलं वर्षभर चालतं, डावीकडूनच चालवतात, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. पण दोन्ही बाजूला दगडी कुंपण, समोरून ट्रॅक्टर, आणि मागं पाचशे फुटावर रुंद जागा, तिथपर्यंत रिव्हर्स तुम्हीच घ्यायचा, हे जमणार असेल तर घ्या. नाहीतर ट्रेन. दोघांसाठी टू टुगेदर नावाचं रेलकार्ड मिळतं, दोघांचे फोटो त्यावर असतात, तिकिटात एक तृतीयांश सूट. अट एवढीच की दोघांनी एकत्रच प्रवास करायचा, म्हणजे भांडण झालं तरी गाडी एकच, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. साठी ओलांडली असेल तर सिनियरचं वेगळं कार्ड आहे, त्याला जोडीदार लागत नाही.

कोल्हापुरी चप्पल घालून गेलं तर चालेल का, फोटोला भारी दिसेल. – कागल

फोटोपुरती पिशवीतनं काढा आणि परत आत ठेवा. स्लॉटरचा अर्थ वर सांगितलाय. चिखलात चामडं एकदा भिजलं की काय होतं ते कागलकरांना मी काय सांगू!

ती घरं एवढी जुनी आणि अजून तशीच कशी? आणि सगळी एकाच रंगाची का, सरकारनं सक्ती केलीय का? – इंजिनिअर, नागाळा पार्क

रंग नाहीच तो, दगडच तसला आहे. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, त्यांचा चुनखडीचा, जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला, त्यात लोहाचा अंश म्हणून मधासारखा पिवळा. खणला की मऊ, त्यामुळं कापायला सोपा. छपराला पण त्याच दगडाच्या पातळ फरशा, आणि त्या लावायची पद्धत बघण्यासारखी आहे, खाली पागोळीजवळ मोठमोठ्या आणि वर जाईल तशा बारीक बारीक होत आढ्याला हाताच्या पंजाएवढ्या. उतार अंगावर येईल इतका, कारण फरशी जड आणि पाणी पटकन गळून गेलं पाहिजे. शेताची कुंपणं पण त्याच दगडाची, चुना नाही, माती नाही, कोकणात गडगा घालतात तसं. आम्हाला वाटेत एक बाबा पडलेलं कुंपण परत रचताना दिसला, दोन बाजूंनी दोन थर, मधे बारीक चिपा ठासायच्या, मधेच एखादा लांब दगड आरपार टाकून दोन्ही थर बांधून घ्यायचे, आणि सगळ्यात वर दगड उभे, पुस्तकं लावल्यासारखे. ह्यांनी त्याच्याशी पंधरा मिनिटं गप्पा मारल्या, ह्यांचं इंग्रजी बँकेतलं आणि त्याचं इंग्रजी तिथल्या गावठी वळणाचं, तरी दोघांना सगळं समजलं.

आता पैसा कुठून आला म्हणाल तर लोकर. मध्ययुगात इंग्लंडची मोठी निर्यात म्हणजे कच्ची लोकर, आणि हा सगळा मेंढरांचा मुलूख. त्यांच्या वरच्या सभागृहात सभापती बसतो ती गादी पण लोकरीची आहे, आठवण म्हणून. चिपिंग कॅम्डनच्या चर्चमध्ये १४०१ मध्ये मेलेल्या एका व्यापाऱ्याची पितळी पट्टी आहे, त्यावर त्याला ‘सगळ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांचं फूल’ म्हटलंय. एवढ्याएवढ्या गावात एवढाली चर्चेस आहेत ती असल्या शेठ लोकांनी बांधलेली.

बिबरीची ती फेमस घरांची ओळ, आर्लिंग्टन रो, ती मुळात चौदाव्या शतकातलं लोकरीचं गोदाम, १३८० च्या आसपासचं, सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं केली. समोर ओल्या गवताचा तुकडा आहे, त्याला रॅक आयल म्हणतात, विणलेलं कापड धुऊन लाकडी मांडणीवर तिथं वाळत घालायचे. मला तर पट्टणकोडोलीच आठवली, धनगर, मेंढरं, चिंचोक्याची खळ दिलेला ताणा, घोंगडं. काम तेच की. फरक एवढाच पडला की त्यांच्या लोकरीवर गावाची घरं उभी राहिली आणि आमचा धनगर अजून मेंढरामागं फिरतोय.

आणि टिकली का? हे ऐकून वाईट वाटेल पण गरिबीनं टिकली. पुढं वाफेवरच्या गिरण्या आल्या, त्या कोळशाच्या बाजूला गेल्या, यॉर्कशरकडं, इथं कोळसा नाही, विणकरांचा धंदा बसला. नवं बांधायला पैसाच नाही म्हटल्यावर जुनं तसंच राहिलं. आता तीच घरं कोट्यवधींची झालीत आणि कायदा एवढा कडक की सरकारच्या जुन्या वास्तूंच्या यादीतल्या घराची साधी खिडकी बदलायची तरी परवानगी काढावी लागते. आमचा मंगळवार पेठेतला वाडा आम्हीच पाडला, चार मजले चढवले, मी कुणाला नावं ठेवत नाही. सागवानी खांब वखारवाल्यानं नेले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या.

आम्ही माळकरी. खायचं काय? – गडहिंग्लज

उपाशी राहणार नाही पण वेळ सांभाळा. गावातल्या पबचं किचन दुपारी अडीच-तीनला बंद होतं आणि टी-रूम साडेचार-पाचला, मग नुसते चिप्स. पबमध्ये कुणी ऑर्डर घ्यायला येत नाही, टेबल बघायचं, नंबर लक्षात ठेवायचा आणि काउंटरला जाऊन सांगून पैसे देऊन यायचं, आम्ही वीस मिनिटं वेटरची वाट बघत बसलो होतो. बटाटा सालासकट भाजून त्यात चीज नाहीतर बीन्स, हा जॅकेट पोटॅटो सगळीकडं मिळतो. प्लाउमन्स लंच म्हणजे नांगरटीवाल्याची न्याहारी, पाव, चीजचा मोठा तुकडा, कांदा, लोणचं, फक्त हॅम नको म्हणून सांगा. हे खूश झाले, म्हणाले बघ, इकडं पण भाकरी-कांदाच. मी मग लेकीकडून ऐकलेलं सांगितलं की शेतकरी पाव-चीज खायचेच, पण त्याला हे नाव देऊन पबात खपवलं ते १९५० नंतर चीज कंपन्यांच्या जाहिरातवाल्यांनी. तरी त्यांचा उत्साह कमी झाला नाही, पिशवीतनं ठेच्याची डबी काढली.

स्कोन, जाम आणि साईसारखं घट्ट क्लॉटेड क्रीम एकदा खाच. अंडं चालत नसेल तर आधी विचारा, स्कोनमध्ये बऱ्याच ठिकाणी असतं.

एवढं कौतुक करताय पण तो सगळा पैसा आपलाच लुटलेला ना? – कॉलेज विद्यार्थी, शिवाजी पेठ

सगळा नाही, पण थोडा आहे आणि तो दिसतो पण. तारखा बघ दादा. आर्लिंग्टन रो १३८० च्या आसपासची, कॅम्डनचा तो व्यापारी १४०१ ला मेला, आणि ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० मध्ये. म्हणजे ही विणकरांची घरं, बाजाराचे चौक, जुनी चर्चेस यांचा पाया मेंढराच्या पाठीवरचा आहे. ते त्यांचं त्यांना देऊन टाकू.

पण मोर्टनपासून दोनतीन किलोमीटरवर, त्या दुसऱ्या बोर्टनच्या बाजूला, सेझिनकोट नावाची हवेली आहे. आम्ही पुढच्या आठवड्यातल्या दुसऱ्या फेरीत मुद्दाम तिकडं गेलो. त्या भागात सगळी पिवळ्या दगडाची उतरत्या छपराची घरं, आणि झाडांमधून अचानक हिरवा पडलेला तांब्याचा घुमट दिसतो, कोपऱ्यात छत्र्या, मोरपंखासारख्या कमानी. मी ह्यांना म्हटलं अहो, ही तर कबर दिसतीय कुणा नवाबाची. कंपनीत नोकरी करून बंगालमधून पैसा करून आलेल्या चार्ल्स कॉकरेलनं १८०५ च्या सुमारास आपल्या आर्किटेक्ट भावाकडून ती बांधून घेतली. बागेत सूर्याचं देऊळ, आणि ओढ्यावरच्या पुलावर नंदी बसवलेत! घर-बाग ठराविक दिवशीच उघडतात, दिवस आधी बघून जा, पण पार्कातून सार्वजनिक पायवाट जाते आणि तिच्यावरून हवेली फुकट दिसते, आम्ही तशीच बघितली. तिकिटाला पैसे नव्हते असं नाही, ह्यांचं म्हणणं पडलं की एकदा देऊन झालेत.

आणि अजून जवळच डेल्सफर्ड म्हणून गाव आहे. वॉरन हेस्टिंग्ज, कंपनीचा हिंदुस्थानातला पहिला गव्हर्नर जनरल, तिथला. घराण्याची जमीन गेलेली, लहानपणीच त्यानं ठरवलं होतं म्हणे की ही परत घेईन, आणि हिंदुस्थानातून गेल्यावर १७८८ मध्ये घेतली, त्याच वर्षी त्याच्यावर पार्लमेंटात महाभियोग पण उभा राहिला, सात वर्षं चालला, सुटला. मघाशी वडगाव मावळ म्हटलं ना मी, तिथं १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजांना कोंडून तह लिहून घेतला आणि तो तह मानायला नकार देणारा हाच. १७८२ चा सालबाईचा तह पण ह्याच्याच काळात. मेला १८१८ च्या ऑगस्टमध्ये, डेल्सफर्डच्या चर्चच्या आवारात पुरलाय. १८१८. त्याच वर्षी इकडं पेशवाई बुडाली. आम्ही तिथं गेलो नाही, पाय दुखत होते, पण एवढी तारीख तू लक्षात ठेव, वादात उपयोगी पडेल.

एवढा खर्च करून जुनी गावं बघायला विलायतेला कशाला? आपलं खिद्रापूर काय वाईट आहे? – कुरुंदवाड

काही वाईट नाही. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात मधोमध उभं राहून वर बघितलं की गोल आभाळ दिसतं ना, तसलं काही मला कॉट्सवोल्ड्समध्ये दिसलं नाही, खरंच सांगते. पण तुम्ही शेवटचं कधी गेलावता? मी हे विचारतेय कारण मी स्वतः तिकडून आल्यावर बारा वर्षांनी गेले. आणि विलायतेचं म्हणाल तर आपल्या गादीचे राजाराम महाराज १८७० मध्येच जाऊन रोजनिशी लिहून आले, आले म्हणजे येऊ शकले नाहीत, परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला वारले आणि त्यांची छत्री तिथंच आहे. शाहू महाराज १९०२ ला इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी गेले होते. कोल्हापूरला विलायत काय नवी नाही.

माझा फोटो स्टुडिओ आहे, मिसेसला खेडी बघायची आहेत आणि मला कॅमेऱ्याशी संबंधित काहीतरी. दोघांचं जमेल असं एक ठिकाण सांगा. – लक्ष्मीपुरी

तुमच्यासाठीच देवानं लेकॉक केलंय. विल्टशरमध्ये, पॅडिंग्टनवरून चिप्पेनहॅमला ट्रेन आणि तिथून थोडा वेळ बस. चार रस्त्यांचं गाव, चौकोनी, तासात बघून होतं. १९४४ मध्ये मटिल्डा टॅल्बट नावाच्या बाईनं ॲबी आणि जवळजवळ अख्खं गाव नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं, त्यामुळं घरांवर डिशच्या छत्र्या नाहीत, डोक्यावर तारा नाहीत, शूटिंगवाले मुद्दाम येतात. घरात माणसं भाड्यानं राहतात बरं का, खिडक्या रस्त्याला टेकलेल्या, आत डोकावू नका, एक आजी आतून पडदा ओढताना मी बघितल्या आणि मलाच लाज वाटली. जॉर्ज इन नावाच्या पबमध्ये चुलीजवळ एक लाकडी चाक आहे, त्यात बारकं कुत्रं पळवायचे म्हणजे मांसाची सळई फिरत राहायची. वहिनींना ते दाखवा.

आता तुमचं. ॲबी म्हणजे १२३२ मध्ये एला नावाच्या सरदारणीनं काढलेला जोगिणींचा मठ, पुढं त्याचं घर झालं आणि ते आलं विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटकडं. त्याला चित्र काढता येत नव्हतं ह्याची त्याला खंत, म्हणून उजेडालाच चित्र काढायला लावायचं डोक्यात बसलं. खोकड्यासारख्या लाकडी पेट्या करून त्यात भिंग आणि चांदीचं मीठ चोळलेला कागद घालायचा आणि घरभर ठेवून द्यायचा. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची! म्हणजे नवऱ्याच्या छंदाला नाव ठेवायची पद्धत सगळीकडं एकच. ऑगस्ट १८३५ मध्ये त्या घरातल्याच एका जाळीच्या खिडकीची निगेटिव्ह निघाली, पोस्टाच्या तिकिटासारखी बारकी, आणि जगातली टिकून राहिलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह तीच. त्यानं लिहून ठेवलंय की भिंगातून बघितलं तर खिडकीची दोनशेच्या आसपास काचेची तावदानं मोजता यायची. ती खिडकी अजून आहे. तुम्ही तिथंच उभं राहून मोबाईलनं फोटो काढता आणि तो सेकंदात इचलकरंजीला मेव्हण्याकडं जातो. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला त्या गावातला माणूस तिथं नुसता सेल्फी काढून येऊ नये, निदान तावदानं मोजायचा प्रयत्न करावा. मी साठपर्यंत गेले, मग मागची माणसं आली.

कधी जावं? – जयसिंगपूर

एप्रिलमध्ये कोकरं, जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड, ऑगस्टला गर्दी, डिसेंबरला चारला अंधार. छत्री नको, वाऱ्यानं उलटते, टोपीचा रेनकोट न्या.

एवढ्या आडबाजूला बस चुकली तर? – गांधीनगर

चुकली ना आमची. रविवारी आणि संध्याकाळी बस फार कमी असतात, शेवटची बस किती वाजता हे सकाळी उतरतानाच स्टॉपवरच्या कागदाचा फोटो काढून ठेवायचं, हे मला आज सांगता येतं. त्या दिवशी आम्ही स्लॉटरमधून परत बोर्टनला आलो आणि आमच्या डोळ्यांदेखत बस वळणावरून गेली. हे म्हणाले तू त्या फाटकावर टाइमपास केलास. मी म्हटलं तुम्ही मॉडेलमध्ये मॉडेल शोधत बसलावता. दहा मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही. अजून एक बस होती पण सव्वा तासानं. कोचबसेस सगळ्या निघून गेलेल्या, दुपारी जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं काठावर दोन बदकं आणि एक माणूस दुकानाचा बोर्ड आत नेत होता. आम्ही बूट काढले आणि पाय विंडरशमध्ये सोडून बसलो. पाणी असलं गार की हाडापर्यंत गेलं. उरलेला भडंग होता तेवढा संपवला, आणि मग ह्यांनीच विषय काढला, त्या फाटकापर्यंत परत जाऊन यायला किती वेळ लागेल म्हणून. मी म्हटलं ही पण बस चुकेल.